खिडकीतून आलेली मशीन

शिलाई मशीनच्या खाली मी रोजच्या रोज झाडू कधी मारला नाही. चिंध्या साचू द्यायच्या. लाल, हिरव्या, कोऱ्या, कुणाच्या लग्नातल्या, कुणाच्या बारशातल्या. ढीग झाला की ऐसपैस बसायचं आणि एकेक उचलायची. ही कुणाची बरं? किस्से असेच साचतात. मुद्दाम कोण ठेवतं? ते पायाखाली पडलेले असतात. माझ्या पायाखाली जरा जास्तच पडले, कारण माझी खोली भिवंडीत, लूमच्या कारखान्यावरच्या माळ्यावर. तिथे पायाखाली काही स्वस्थ बसायचंच नाही.

मी चौथी शिकलेली बाई. आठवेल तसं सांगते. मध्ये कुणी टोकू नका.

*

आख्ख्या गल्लीत एकाच घरी टीव्ही होता, तेव्हाची गोष्ट. आमचे मिस्टर खाली कारखान्यात लूमवर, कायम रात्रपाळीला. मी घरी बसून कांड्या भरायची, म्हणजे लूमच्या धोट्यात घालायचं सूत गुंडाळून द्यायची. त्या कांड्यांच्या कमाईतून मी जुनी मशीन घेतली. काळी, सोनेरी वेलबुट्टी पुसट झालेली, मान हंसासारखी.

मशीनचं डोकं जिन्याने वर गेलं. लोखंडी स्टँड पहिल्याच वळणावर अडकला. हमाल म्हणाले, "भाभी, नहीं जाएगा. नीचे ही रख लो."

मी म्हटलं, "खाली कुणाच्या डोक्यावर ठेवू? माळ्यावरून तागे उतरवता ना दोरीने? तसाच स्टँड आमच्या खिडकीतून वर चढेल."

बांधला त्यांनी, कुरकुर करत. अर्ध्यात आला आणि वाऱ्यावर झुलायला लागला. खालचं मोठं चाक आपोआप फिरतंय, पायडल आपोआप हलतंय, लोखंडातून ऊन आरपार जातंय. गल्ली माना वर करून बघत उभी. मला तर वाटलं, वर आकाशात बसून कुणीतरी निवांत शिवतंय.

खिडकीतून आत आला तो तिथेच बसला. पुढे सरकायला जागाच नव्हती, सासूची खाट आडवी. खोलीला खिडकी एकच, आणि ती तोवर सासूची. सकाळी तिथे बसून ती मिश्री लावायची आणि गल्लीवर लक्ष ठेवायची. ती हातभर बाजूला सरकली, पण कायदा करून सरकली.

"पोरगा रातभर राबून येतो. तो आडवा झाला का मशीन बंद. एकदा जरी त्याची झोप मोडली, तर मशीन गावाला धाडीन."

गाव वज्रेश्वरीच्या पलीकडे. तिथे धाकटा दीर बाळू आणि त्याची बायको. मशीनच्या नुसत्या बातमीनेच त्या बाईने म्हणे घरात जागा झाडून ठेवली होती!

मी म्हटलं, "आई, खाली एवढे लूम आदळतात. त्यांनी नाही का झोप मोडत?"

"त्यो आवाज त्याच्या धंद्याचा. ह्यो तुझ्या हौसेचा."

वर आणखी एक. तिचं लुगडं मध्ये विरलं की ती तेवढा भाग फाडून काढायची आणि दोन धड तुकडे हाताने जोडायची. त्याला दंड घालणं म्हणतात. "मी माझा दंड हातानंच घालीन," म्हणाली. "त्या मशीनचा टाका माझ्या अंगाला लागायचा न्हाय."

*

शिकवलं मला समोरच्या हमीदाआपाने. कोकणी मुसलमान घर, पिढ्यान्‌पिढ्या लूमवाले, आमच्याशी मराठीत बोलायचे आणि कारागिरांशी हिंदीत. त्यांच्या ओट्यावर दुपारी बायकांची शिकवणी भरायची.

मला वाटलं पहिल्या दिवशी झबलं. कुठलं काय! आपा म्हणाल्या, आधी पायांना शिकव, हात आपोआप शिकतील. सुईत दोरा नाही, पायाखाली पायडल, आणि सुईखाली कापडाच्या जागी जुना पेपर. छापलेल्या ओळीवरून सुई न्यायची, ओळ सोडायची नाही.

चौथीनंतर मी पेपर हातात घेतला नव्हता. आता ओळीवरून सुई चालली की डोळे पण चालायला लागले. कुठल्या तरी गावात एक बाई विहिरीवर गेली होती, तिला तिथे काहीतरी सापडलं होतं. मी वाचतेय, सुई वाचतेय. माझे पाय मंदावले.

"वाचू नको, शिव."

"आपा, त्या बाईला विहिरीत काय सापडलं ते पुढच्या ओळीत आहे."

"ती ओळ तू मघाशीच शिवलीस."

बघितलं तर खरंच. बातमीच्या जागी नुसती भोकं! त्या बाईला काय सापडलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. कधी कधी शिवताना मीच काहीतरी घालते त्या विहिरीत.

*

आता घरचा अभ्यास. मिस्टर सकाळी येणार, न्याहारी करून आडवे होणार, ते उन्हं कलल्यावर उठणार. म्हणजे खिडकीत उजेड असेल तेव्हा मशीन बंद, आणि मशीन मोकळी झाली की उजेड गेलेला. सासू खाटेवर पहाऱ्याला.

मी मशीनचा चामड्याचा पट्टाच काढून खिळ्याला अडकवला. पट्टा काढला की खालचं चाक फिरतं, वरचं डोकं मुकं. पायांना शिकायचंय ना, शिकू दे. मी खिडकीत बसून पाय मारायची. आवाज औषधाला नाही.

खालून फळ्यांच्या फटीतून रुई वर यायची, उन्हात तरंगायची. मी पाय मारतेय आणि मनातल्या मनात शिवतेय. चौदा एप्रिलला, जयंतीला, वस्तीतल्या पोरी पांढरे फ्रॉक घालतात, ते शिवले. घेर दिला, फुगे दिले, मागे बो बांधला. माझ्या पोटी लेकरू नव्हतं तेव्हा, तरी एक छोटा फ्रॉक जास्तीचा शिवला आणि घडी करून मनातच ठेवला. असं सगळ्या पोरींचं शिवून झालं की पाय थांबवायची.

एक दिवस सासू बराच वेळ बघत बसली. मग शेजारच्या शालूला बोलावून हळूच म्हणाली, "सुमीला जरा डाक्टरकडं ने. मशीन बंद हाय आनि ही शिवतेय."

*

कारखाना चालू असला की आमची जमीन थरथरायची. तुम्ही कधी थरथरत्या जमिनीवर शिवणाचं बस्तान बसवलंय का? टाचण्या साबणाच्या वडीत खोचायच्या, नाहीतर सगळ्या गोळा होऊन एका कोपऱ्यात जातात. टेप खिळ्याला. कात्री दोरीने बांधलेली, शेळीसारखी. आणि एवढं करून मशीनच चालायला लागली! सकाळी खिडकीला लागून असायची, संध्याकाळी सासूच्या खाटेला लागून.

जवळच्या कोन गावातून एक मेकॅनिक बोलावला. तो दारात उभा राहून म्हणाला, "मालक आहेत का? मशीन बघायची होती."

"मशीनची मालकीण मी. माणसाचे मालक कोण ते त्यांच्या आईला विचारा, ती बघा बसलीय."

तो आत आला. मशीनच्या चारी पायांखाली रबर पाहिजे म्हणाला. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. दारात मिस्टरांच्या हवाई चपला होत्या, नव्या. कात्री दोरीला बांधलेली होतीच.

संध्याकाळी मिस्टर उठले, चहा प्याले, ड्युटीला निघाले. दारात शोधाशोध.

"माझ्या चपला?"

"मशीनच्या पायात."

त्यांनी वाकून बघितलं. शांत माणूस. "बसल्यात बरोबर," एवढंच म्हणाले आणि अनवाणी खाली उतरले.

*

मशीन थांबली, पण चॉक चालायचा थांबला नाही. कपड्यावर खुणा करायचा तो चपटा चॉक. फळीवर ठेवला की थरथरत, थरथरत, सरळ सासूच्या मिश्रीच्या डबीपाशी. बॉबिन पण तिकडेच, बटणं पण तिकडेच. सगळ्या खोलीचा उतार त्या म्हातारीकडे!

ती उचलून पदराखाली ठेवायची. मागितलं की म्हणायची, "आधी चहा टाक."

नाक्यावरची जकात परवडली. माझ्या एकेका ब्लाउजमागे तिचे दोन दोन चहा व्हायचे. आणि चहा पिऊन झाल्यावर परत विचारायची, "ह्या येळी कोनाचं शिवतेस? रंग बरा हाय." विचारायची सगळं, अंगाला मात्र लावून घेणार नाही.

*

आता शर्टाची गोष्ट. ही भिवंडीबाहेर घडली नसती.

मिस्टरांच्या लूमवर ताग्यात दोष निघाला. शेठ म्हणाला, तुकडा घेऊन जा घरी. मिस्टर घेऊन आले, कोरं पांढरं कापड, लहान लेकरू धरावं तसं दोन्ही हातांवर. म्हणाले, "सुमन, ह्याचा शर्ट कर. एवढी वर्षं विणतोय, अंगावर कधी आलंच नाही."

खरंच होतं. आमच्या गल्लीतून कापड ट्रकने काल्हेरच्या गोदामांकडे जायचं, तिथून कुठे जायचं, कुठला रंग घ्यायचं, कुणाच्या अंगावर चढायचं, विणणाऱ्याला पत्ता नाही. मी जीव ओतून शर्ट शिवला. खिशाला दुहेरी टीप. घातला तर काय ऐट! लूमवरच्या कापडाला खळ असते, त्या खळीने शर्ट नुसता उभा. मिस्टर कॉलरच्या आत मान फिरवत गल्लीभर फिरून आले. कारागीर हात लावून बघत होते. हमारे लूम का कपड़ा है, असं एकमेकांना सांगत होते.

मी तो शर्ट धुतला.

वाळल्यावर बाह्या मनगट सोडून वर, आणि बटणं काज्यांना भेटेनात. मिस्टर आरशासमोर उभे. पोट आत घेतायत, श्वास धरतायत.

हमीदाआपांना दाखवला तर त्या हसून हसून ओट्यावर बसल्या. "अगो, कोरं कापड! शिवण्याआधी भिजवायचं असतं. कापडाला आधी पाणी दाखवायचं, मग सुई." गावभर कापड विणतात, पण धुतलंय कुणी? नवरा विणणारा, बायको शिवणारी, आणि दोघांनाही कापडाची ही खोड माहीत नाही!

मिस्टरांनी तो शर्ट फेकू दिला नाही. बटणं उघडी ठेवून बनियनवर घालायचे. म्हणायचे, "घरचं माणूस आहे. जरा आकसलं म्हणून काय झालं?"

*

आमच्याकडे शुक्रवारी लूमला सुट्टी, लाइट बंद. तो आमचा कटिंगचा वार. इतर दिवशी चॉकची रेघ सापासारखी जायची. शुक्रवारी जमीन शांत, रेघ सरळ. बायका सकाळपासून कापडं घेऊन यायच्या. चिमण्या ऐकू यायच्या. मी कात्री चालवायची आणि बायका आपोआप हळू बोलायच्या, देवळात बोलतात तशा. मिस्टर शुक्रवारी झोपायचे नाहीत, लाल डोळे घेऊन गल्लीत भटकायचे. सासू म्हणायची, सुट्टी हाय, कशाला झोपंल?

पण शालूचा किस्सा शुक्रवारचा नाही, मधल्या वारचा. तिचं लग्न ठरलेलं. संध्याकाळी ब्लाउजचं माप द्यायला आली. खाली लूम दणकतायत, त्यामुळे आम्ही नेहमीच्या आवाजात, म्हणजे ओरडून बोलत होतो. लूमवाल्या गावात कुजबूजसुद्धा ओरडून करावी लागते. मी विचारलं, बगलेत सैल ठेवू का?

शालूने लाजत लाजत, पण ओरडून उत्तर दिलं, आणि नेमकी त्याच घडीला लाइट गेली. सगळे लूम एकदम गप. आख्ख्या गल्लीत एकच आवाज उरला.

"घट्टच शिव वैनी, त्यांना घट्ट आवडतं!"

मग खालून कारखान्यातून एक कारागीर शांतपणे म्हणाला, "लिख लिया."

*

आणि आता ही. हीच सांगायची होती, बाकी नुसती काठाची शिवण.

उन्हाळ्याचे दिवस. जयंती तोंडावर. वस्तीतल्या पोरींच्या पांढऱ्या फ्रॉकचं काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलेलं, खरंखुरं, मनातलं नाही. कापड भिजवून, वाळवून, कापून तयार. आणि आमच्या भागातला वीजमंडळाचा मोठा डबा, तो ट्रान्सफॉर्मर, जळला.

कारखाने बंद. रात्रपाळी नाही, दिवसपाळी नाही. सगळ्या गल्लीला वाटलं, चला, आराम. कसला आराम! मिस्टर दिवसा आडवे व्हायचे, रात्री आडवे व्हायचे, डोळ्याला डोळा नाही. कूस बदलायचे, उठून बसायचे, पाणी प्यायचे. ओट्याओट्यावर कारागीर बसलेले, सगळे जांभया देतायत, झोपत कुणी नाही. कुत्रं भुंकलं तरी माणसं दचकायची. मिस्टरांच्या डोळ्यांखाली काळं आलं. जेवण जाईना. शांत माणूस माझ्यावर ताट आपटून गेला.

ते झोपायला आडवे व्हायचे, म्हणून कायद्याप्रमाणे मशीन बंद. मी फक्त कात्रीने दोरे कापत बसायची. सासूने तेवढंच धरलं.

"तुझ्या कात्रीची कचकच. पोराची झोप त्यानंच मोडली. मी सांगितलं व्हतं."

"आई, फ्रॉक तेवढे होऊ द्या. पोरी वाट बघतायत."

"माझं पोर मरायला टेकलंय, आनि हिला फ्राकाची पडली."

तिने गावाला निरोप धाडलाच. दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाळू टेम्पो घेऊन हजर. खाली हमालांशी बोलणं सुरू. दोरी आणली. जशी आली तशीच जाणार होती मशीन, खिडकीतून.

मी मिस्टरांकडे बघितलं. ते भिंतीला टेकून बसलेले, डोळे लाल, ऐकतायत की नाही कळत नव्हतं. सासू खाटेवर बसून लुगड्याचे दोन तुकडे मांडीवर घेऊन दंड घालत होती. हाताने. फळीवर पोरींच्या फ्रॉकची चळत.

माझं टाळकं फिरलं. म्हटलं, जायचीच आहे ना? मग मुकी नाही जाऊ देणार. एकदा पोटभर बोलून जाऊ दे. खिळ्यावरचा पट्टा काढला, चाकावर चढवला, बसले. सुईत दोरा नाही, खाली कापड नाही. आणि दिले पाय. खट खट खट खट. सगळी गल्ली गप होती, त्या गल्लीत माझी एकटीची मशीन. मी मागे बघितलं नाही. डोळ्यांत पाणी होतं आणि त्या पाण्यात पोरी पांढरे फ्रॉक घालून गिरक्या घेत होत्या.

किती वेळ मारले पाय, देव जाणे. खालून बाळूने हाक मारली, "वैनी, सोडतेस ना खाली?"

सासू उठली. मला वाटलं, आली आता माझा हात धरायला. ती माझ्या डोक्यावरून खिडकीत वाकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "बोंबलू नको मेल्या. तुझा भाऊ झोपलाय."

मी वळून बघितलं. मिस्टर भिंतीवरून घसरून आडवे, तोंड उघडं, एक हात जमिनीवर पसरलेला. घोरत होते. माझे पाय मंदावले, तसे ते कुशीवर हलले.

"थांबू नको," सासू म्हणाली.

मी थांबले नाही. खिडकीतून खाली दिसत होतं. समोरच्या ओट्यावर एक कारागीर खांबाला टेकला. त्याच्या बाजूचा त्याच्या खांद्यावर कलला. टेम्पोला टेकलेला हमाल तसाच खाली बसला, दोरी हातात. पलीकडे हमीदाआपांनी काय ओळखलं कोण जाणे, त्यांच्या ओट्यावरूनही खट खट सुरू झाली.

सासू मशीनजवळ उभी. माझी रिकामी सुई वर-खाली होतेय, ती बघतेय. मग तिने मांडीवरून उचललेले ते लुगड्याचे दोन तुकडे, काठाला काठ जुळवून, माझ्या पुढ्यात ठेवले.

"दोरा ओव," ती म्हणाली. "फुकट कशाला चालवतेस?"